अग्नीची साक्ष, सहीची साक्ष

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, सप्तपदीने लागणाऱ्या लग्नात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी केली नाही, एवढ्यावरून तो अवैध ठरत नाही. रायपूरच्या मराठी घरांतही लग्न लागतं ते अग्नीच्या साक्षीनेच.

असं लग्न झालेलं जोडपं नेदरलँड्सला निघालं की मात्र लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सहीचा कागद पुरत नाही, विवाह निबंधकाचाच दाखला लागतो. कारण अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते प्रमाणपत्र, मिळतं ते सार्वजनिक दस्तऐवजांना: जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले, विद्यापीठाची पदवी, न्यायालयाचा निकाल, नोटरीने साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र किंवा कुलमुखत्यारपत्र. वकिलातीने दिलेले कागद आणि थेट व्यापाराशी वा सीमाशुल्काशी संबंधित प्रशासकीय कागद 1961 च्या हेग अपोस्टिल करारानेच वगळले आहेत. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे.

निबंधकाच्या सहीची खातरी राज्य शासन देतं आणि राज्याच्या सहीची परराष्ट्र मंत्रालय. मग मंत्रालयाच्या सहीची खातरी कोणी द्यायची?

हा प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा आहे. प्रमाणाला, म्हणजे ज्ञानाच्या साधनाला, दुसरं प्रमाण लागत असेल, तर त्या दुसऱ्याला तिसरं लागेल आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही, असं त्याने ‘विग्रहव्यावर्तनी’त न्यायदर्शनाच्या अनुयायांना, नैयायिकांना सुनावलं. आजचं रायपूर ज्या दक्षिण कोसलात मोडतं, त्या कोसल देशाशीच चिनी प्रवासी ह्युएन त्संगाने सातव्या शतकात नागार्जुनाचं नाव जोडलं होतं.

न्यायसूत्रांनी उत्तरादाखल तराजू पुढे केला. तराजू एरवी माप देतो, पण शंका आली तर त्याचंही माप घेता येतं. प्रत्येक वेळी आधी तराजू तपासून मगच तोलायचं, असं कोणी करत नाही.

हेग कराराची वाट हीच आहे. पाचवं कलम सांगतं की अपोस्टिलवरच्या सहीला आणि शिक्क्याला आणखी कुठल्याही प्रमाणनाची गरज नाही. साखळी तिथे थांबते. पण सातव्या कलमानुसार दिलेल्या प्रत्येक अपोस्टिलची नोंद ठेवावीच लागते आणि संबंधित माणसाने विचारलं तर ती ताडून द्यावी लागते. विश्वास आधी आणि तपासणी शंका आल्यावर, हा क्रम माणसाचा मान राखणारा आहे.

अपोस्टिल ग्वाही देतं ती सहीच्या खरेपणाची, सही करणाऱ्याच्या पदाची आणि शिक्क्याची. मजकूर खरा की खोटा, हे ते सांगत नाही. लग्न खरोखर लागलं होतं का, याचा भार परदेशी पोहोचल्यावरही निबंधकासमोर सह्या केलेल्या साक्षीदारांवरच असतो.