ऐकते कोण?

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. पण ऐकते कोण, कान की मन?

1978 साली मेलबर्नला डॉ. ग्रेम क्लार्क यांनी अपघातात बहिरे झालेल्या रॉड सॉन्डर्स यांच्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसविले. पुढे चाचणीत राष्ट्रगीताची धून वाजली आणि सॉन्डर्स उठून उभेच राहिले! यंत्राने दिले ते विजेचे स्पंद. ओळख पटली ती जुन्या स्मृतीला.

सगळ्यांना असे लगेच जमत नाही. आरंभी घरच्यांचाही आवाज पत्र्यासारखा, परका लागतो. महिनोन्महिने सराव लागतो. अशा वेळी ‘यंत्र बसवलं ना, मग ऐकू कसं येत नाही?’ म्हणून दटावणारे घर त्या माणसाला पुन्हा बहिरे करते.

माउली, टाळमृदंगाच्या गजरात त्याला शब्द वेगळे काढणे कठीणच. कीर्तन सुटल्यावर त्याच्यासमोर बसून, सावकाश, तोच अभंग तिसऱ्यांदा कोण सांगेल?