अजिन, अनुमोदन आणि वारसा

जुन्या फरकोटाचा प्रश्न पाश्चात्त्य नीतिचर्चेत वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेली अडचण खरी आहे. आजीच्या कपाटातून नातीकडे आलेला, साठ-सत्तर वर्षांपूर्वी शिवलेला कोट तिने अंगावर घालावा की नाही? ज्या प्राण्यांच्या कातड्यांचा तो झाला ते केव्हाच मेले. कोट पेटीत ठेवल्याने त्यांतला एकही परत येणार नाही. आणि घातल्याने नवा प्राणी मारला जाईल असेही दिसत नाही, कारण त्यासाठी आज कोणी पैसा मोजलेला नाही. पीटर सिंगर ह्यांच्या १९७५ मधील ‘अॅनिमल लिबरेशन’पासून प्राण्यांच्या वेदनेचा हिशेब मांडणारी जी विचारपद्धती रुळली, तिच्या हिशेबात हा कोट बसत नाही. वेदना संपली आहे आणि वस्तू उरली आहे. उरलेल्या वस्तूचे नीतिशास्त्र कोणते?

ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्या बीड जिल्ह्यात फरकोटाची चर्चा करणे हास्यास्पद ठरेल. पण कोट बाजूला ठेवला आणि कातडे तेवढे समोर ठेवले, तर हाच प्रश्न मराठी माणसाच्या देवघरात, मठात, कीर्तनात आणि सोनाराच्या डबीतही दबा धरून बसलेला आढळतो. मृगाजिन, व्याघ्रचर्म, सोन्यात मढवून बाळाच्या गळ्यात घातलेले वाघनख, वासुदेवाच्या डोक्यावरची मोरपिसांची टोपी ही सारी आपल्याकडची ‘जुनी फर’च आहे. फरक इतकाच, की पाश्चात्त्य कोटाला प्रतिष्ठेचे वलय आहे, आणि आपल्या अजिनाला पावित्र्याचे. पावित्र्याचे वलय भेदणे अधिक कठीण असते.

मराठी कल्पनाविश्वातला पहिला फरकोट कोणता, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर सोपे आहे: सीतेची चोळी. वाल्मीकीच्या अरण्यकांडात सीता सुवर्णमृग जिवंत मागते; अयोध्येच्या अंतःपुरात तो कौतुकाचा विषय होईल असे तिला वाटते; आणि जिवंत न मिळाल्यास त्याच्या कातड्याचे आसन तिला हवे असते. मराठी लोकपरंपरेने ह्या आसनाची चोळी केली. हा बदल लहान नाही. आसन हे तपस्व्याचे, चोळी स्त्रीची. आसनासाठी मृग मारला गेला असता तर तो वनवासधर्माचा भाग ठरला असता. चोळीसाठी मारला गेला म्हणून तो हव्यासाचा दाखला ठरला, आणि पुढच्या साऱ्या रामायणाचा दोष त्या एका मागणीवर टाकणे सोयीचे झाले. लोकपरंपरेला हे अभिप्रेत होते की नाही हा वेगळा मुद्दा. कथेचा परिणाम मात्र हाच झाला. तोच मृग ऋषीच्या बैठकीखाली असला की कोणी विचारीत नाही की तो कोणी मारला. फरविरोधी चळवळींवर जो एक आक्षेप पश्चिमेत घेतला गेला, की स्त्रियांच्या कोटांवर रंग फेकणाऱ्यांना पुरुषांचे चामडी बूट दिसत नाहीत, त्याचे बीज आपल्या कथेत असे आधीच पेरलेले आहे.

शास्त्रग्रंथांतही अजिनाला मोठा मान आहे. कृष्णसार म्हणजे काळवीट जिथे स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञाला योग्य, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो, आणि त्याच अध्यायात ब्रह्मचाऱ्यांसाठी वर्णपरत्वे कोणते अजिन हे ठरवून दिलेले आहे. मुंजीत बटूला अजिन धारण करवण्याचा विधी तिथूनच आलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनात कुश आणि वस्त्र ह्यांच्याबरोबर अजिन आहे. ज्ञानेश्वरांनीही त्यासाठी ‘मृगसेवडी’ हा मोठा मृदू शब्द योजला आहे. शब्दाच्या ह्या मार्दवात मृगाचा मृत्यू पूर्णपणे विरघळून जातो. भूतदयेचा एवढा मोठा कवी तिथे थबकत नाही, ह्यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. रूढ आसनविधीचे वर्णन करताना प्रतीक आणि पदार्थ ह्यांतली फट डोळ्यांना सहसा दिसत नसते. समीक्षकाचे काम ती फट दाखवण्याचे आहे.

आणि गंमत अशी, की ज्या मनुस्मृतीत अजिनाचा विधी आहे, त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात हिंसेच्या भागीदारांची अत्यंत कठोर यादी आहे. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारेच घातक. आठ जणांच्या ह्या यादीत खाटकाइतकाच गिऱ्हाईकही दोषी आहे. आधुनिक ग्राहकनीतीला जे सांगायचे असते ते इथे आधीच सांगून झालेले आहे. मात्र ह्या यादीत वारसदार नाही. आजीचा कोट नातीकडे आला किंवा गुरूचे व्याघ्रचर्म शिष्याकडे आले, तर तो किंवा ती आठांपैकी कोण? शिष्याने मारले नाही, विकत घेतले नाही, खाल्ले नाही. उरतो एकच रकाना, पहिला: अनुमती देणारा.

योगसूत्रांत आणि जैन आचारविचारात हिंसेचे जे तीन प्रकार केले आहेत, कृत, कारित आणि अनुमोदित, त्यांतला तिसरा प्रकार म्हणूनच ह्या चर्चेत निर्णायक ठरतो. पाश्चात्त्य युक्तिवाद कृत आणि कारित ह्या दोनच पायऱ्यांवर उभा राहतो: मी मारले नाही, माझ्यामुळे मारले गेले नाही. अनुमोदन ही पायरी कालाच्या दिशेला बांधलेली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कृत्यालाही आज अनुमोदन देता येते, जसे ते आज नाकारताही येते. जुना कोट घालून मेजवानीला जाणारी स्त्री प्राणी मारीत नाही हे खरे. पण प्राण्याचे कातडे मनुष्याच्या अंगावर शोभते, ह्या विधानावर ती सही करीत असते. वस्त्र हे नेहमीच विधान असते. ते कोणी वाचणारच नाही असे गृहीत धरून ते नेसता येत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात ह्या संदर्भात एक कथा येते. एका भिक्षूला वासराचे चित्रविचित्र कातडे आवडले. त्याने मारण्याची आज्ञा केली नाही, मोलही दिले नाही. तो नुसता त्याकडे टक लावून पाहत राहिला आणि विचारल्यावर ते कातडे आपल्याला हवे आहे असे म्हणाला. ओळखीच्या उपासकाने वासरू मारून कातडे त्याला दिले. भिक्षू ते चीवराखाली लपवून निघाला, आणि गाय त्याच्या मागोमाग चालत राहिली. बाकीच्या भिक्षूंना संशय आला तो गायीमुळे. ह्या कथेत मृत प्राण्याचा कोणीतरी अजून जिवंत आहे आणि तो पाठ सोडत नाही, हेच तिचे बळ. जुन्या कातड्याच्या बाजूने दिला जाणारा सगळा युक्तिवाद, नीट पाहिले तर, एवढ्यावरच उभा आहे की मागे चालणारी गायही आता मेली आहे. त्याच ग्रंथात सिंह, वाघ, बिबट्या ह्यांची कातडी भिक्षूंना निषिद्ध आहेत. परंतु अवंती-दक्षिणापथासारख्या सीमाप्रदेशात मेंढी, बकरी आणि हरिण ह्यांच्या कातड्याची अंथरुणे रूढ आहेत म्हणून तिथे सवलत दिली आहे. दक्षिणापथाची ही सवलत मराठी वाचकाने आपल्या घरची म्हणून वाचावी. नियम करणाऱ्यालाही प्रदेश पाहावा लागतो.

आता नारायणगड. बीड तालुक्यातल्या डोंगरावरचे संत नगद नारायण महाराजांचे हे स्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. वारकरी परंपरेत कातड्याला प्रतीक म्हणून जवळजवळ स्थानच नाही, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. शंकर व्याघ्रांबर नेसतो. विठ्ठल विटेवर उभा आहे. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पताका, आणि थंडीपावसात घोंगडी, म्हणजे मेंढी जिवंत ठेवून कातरलेली लोकर. माळ घातली की मांसाहार सुटतो. अंगाला राख फासून वैराग्याचा बाजार मांडणाऱ्यांवर तुकोबांनी कोरडे ओढले ते ह्याच भूमिकेवरून. एवढे असूनही गडावर कीर्तन उभे राहते ते मृदंगावर, आणि मृदंगाच्या दोन्ही तोंडांवर कातडे आहे. उजव्या पुडीवर शाई, डाव्या धुम्यावर कणीक, आणि पुड्या ताणून धरणारी परंपरागत वादीही चामड्याचीच. तुळशीमाळ घातलेला मृदंगी बकऱ्याच्या कातड्यावर थाप देतो आणि त्या नादात ‘विठ्ठल’ उमटतो.

ह्याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, आणि चुकीचे. मृदंगाचे कातडे ‘मी कातडे आहे’ असे सांगत नाही. ते कोणाच्या वैराग्याची वा ऐश्वर्याची जाहिरात करीत नाही. व्याघ्रचर्म मात्र वाघाखेरीज निरर्थक आहे. त्याच्यावर बसणाऱ्याला वाघ मारला गेल्याची आठवण हवीच असते, मग ती शौर्याची म्हणून असो वा इंद्रियजयाची म्हणून. अनुमोदनाची कसोटी लावली तर पुडी सुटते आणि व्याघ्रचर्म अडकते. पण सुटलेली पुडीही पूर्णपणे सुटत नाही, कारण कातडे सोलावे लागते, कमवावे लागते, आणि ते काम कोणाच्या वाट्याला आले हा प्रश्न उरतोच.

इथे आपली परंपरा सर्वांत अवघड जागी सापडते. काळविटाचे कातडे पवित्र, त्यावर बसणारा पूज्य. मेलेल्या बैलाचे कातडे अपवित्र, ते ओढणारा, सोलणारा, कमावणारा अस्पृश्य. गांधींनी मारलेल्या जनावराच्या चामड्याऐवजी नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराचे चामडे वापरण्याचा आग्रह धरला, आणि वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. ‘जे आधीच मेले आहे त्याचे कातडे निर्दोष’ हे तत्त्व जुन्या फरकोटाच्या समर्थकाला फार आवडेल. परंतु त्याच काळात, १९२७ च्या महाडनंतर, डॉ. आंबेडकर आपल्या समाजाला मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगत होते. एकाला ज्या मृत जनावरात अहिंसा दिसत होती, दुसऱ्याला त्यातच आपल्या माणसांच्या मानहानीचे मूळ दिसत होते. दोघेही एकाच कातड्याकडे पाहत होते. ‘बलुतं’पासून (१९७८) पुढच्या दलित आत्मकथनांनी हे कातडे मराठी साहित्यात आणले नसते, तर अजिनाची चर्चा आसनविधीपुरतीच राहिली असती. २०१६ मध्ये गुजरातेत ऊना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर फटके मारले गेले. प्राणी कोणीही मारलेला नव्हता, आणि तरीही कातड्यापायी माणसाची पाठ सोलली गेली. फरकोटाचा हिशेब केवळ प्राण्याच्या वेदनेवर मांडणाऱ्याला ही नोंद कुठल्या रकान्यात करावी हे कळणार नाही.

कायद्याने वारसाचा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने जवळ असलेली कातडी, शिंगे, नखे जाहीर करण्याचे बंधन घातले आणि मालकीचे प्रमाणपत्र देण्याची सोय केली. आधी जाहीर न केलेल्यांसाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली गेली. त्यानंतर अशी वस्तू विकता येत नाही; ती दुसऱ्याकडे जाते ती केवळ वारशाने. २०२२ च्या दुरुस्तीने ती स्वेच्छेने, मोबदल्याविना सरकारजमा करण्याची वाट मोकळी केली. मोराच्या शेपटीच्या पिसांना अधिनियमातच व्यापारबंदीतून सूट आहे. मोर ती दरवर्षी झाडतो, म्हणून वासुदेवाची टोपी सुटली. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य नारायणगडाच्याच जिल्ह्यात आहे, आणि काळविटांसाठीचे रेहेकुरी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. ज्याचे कातडे पवित्र होते तो प्राणी आज कुंपणाच्या आत आहे. इस्रायलने २०२१ मध्ये फरच्या विक्रीवर बंदी घातली तेव्हा धार्मिक उपयोगाला सूट ठेवली. आपल्या अधिनियमाने काळवीट आणि वाघ ह्यांच्या कातड्याला तशी सूट दिली नाही, हे मान्य केले पाहिजे. ह्या एका बाबतीत आपले विधिमंडळ आपल्या देवघरापेक्षा धीट निघाले.

तरीही कायदा विचारतो तो प्रमाणपत्राचा प्रश्न. २०२३ च्या ऑक्टोबरात कर्नाटकात दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमातील एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखामुळे अटक झाली, तेव्हा पुष्कळ जुन्या घरांनी आपापल्या डब्या उघडून पाहिल्या असतील. त्यांतले एखादे नख पणजोबांच्या शिकारीचे, रीतसर नोंदलेलेही असेल. कायद्याच्या दृष्टीने ते निर्वेध आहे. पण बाळाच्या गळ्यात ते बांधायचे ते कोणत्या अर्थाने? वाघाचे बळ बाळात यावे, ह्या अर्थाने असेल तर ते जिवंत वाघाच्या बळाविषयीचे विधान आहे, आणि वाघ जिथे उरला नाही त्या माळरानावर ते केविलवाणे आहे. पणजोबांची आठवण म्हणून असेल तर आठवण डबीतही राहते.

वारसाने कातडे जाळावे असे ह्यातून निघत नाही. जाळल्याने मृत्यूचा एकमेव पुरावा नष्ट होतो आणि नव्या मालकाचे हात तेवढे स्वच्छ दिसू लागतात. ते ठेवावे, नोंदवावे, हवे तर वनखात्याच्या स्वाधीन करावे, पण पांघरू नये, त्यावर बसू नये, गळ्यात बांधू नये. वारसा म्हणजे उपभोगाचा अधिकार, ही समजूत मालमत्तेच्या कायद्यातून आलेली आहे. आपल्या परंपरेत वारशाबरोबर ऋणही येते, आणि पितृऋणाची कल्पना ज्या समाजाने जपली त्याला हे समजावून सांगावे लागू नये. मठातले व्याघ्रचर्म असे सरकारजमा झाले, तरी भिंतीवरच्या तसबिरीत सत्पुरुष त्याच चर्मावर बसलेले राहतील, आणि दर्शनाला येणारे मूल त्यांच्याकडे पाहून विचारील, की हा वाघ कोणी मारला.