दुसरी नळी

सातारा जिल्ह्यात, गावापासून कोसभर आत, उसाच्या मळ्यात नानांची वस्ती होती. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून नाना निवृत्त झाले, फंडाच्या पैशांत चार खोल्या बांधल्या आणि रीतसर परवाना काढून बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. वस्ती एकटी. रात्री हाक मारली तर ऐकायला चहूकडे ऊसच. बंदूक कपाटात कुलपात असे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, नंतर पावती दाखवून परत यायची. पावसाळ्याआधी नाना ती खाटेवर उघडत, नळ्यांतून तेलाची चिंधी ओढत आणि एक डोळा मिटून उजेडाकडे आरपार बघत. नातू शेजारी बसलेला असे. पोरगा सैन्यभरतीची तयारी करत होता. त्याचा प्रश्न ठरलेला होता.

"नाना, ही चालवायची कधी?"

"दुसरा काही इलाजच उरणार नाही, तेव्हा."

पोराला हे उत्तर पुरत नसे.

एका उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल कापताना चोर सापडले. कुत्रं भुंकलं, नाना बॅटरी घेऊन बाहेर आले, मागोमाग नातू. बांधापलीकडे दोघं वाकलेली दिसत होती. "नाना, बंदूक आणू?" पोरानं विचारलं. नानांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. खच्चून ओरडले, बॅटरीचा झोत फिरवला, तशी दोघं तार ओढत उसात शिरली. दुसऱ्या दिवशी तक्रार दिली, पंचनामा झाला, नवी केबल आणली. पोरगा चार दिवस फुरंगटून होता. दारात बंदूक असताना चोर हसत निघून गेले, असं त्याला वाटत होतं.

असं वाटणारी माणसं गावोगाव आहेत. परवाना हातात आला की गोळी झाडायची मुभा मिळाली, अशी त्यांची समजूत असते. परवाना हत्यार बाळगण्याचा असतो. ते माणसावर कधी रोखायचं हे वेगळा कायदा सांगतो. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिडचा हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. दरोडा पडला, रात्री घर फोडलं, राहतं घर पेटवलं, तरीही जातो. तांब्याच्या तारेच्या साध्या चोरीसाठी जात नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा तर कुठल्याच प्रसंगात नाही.

मग ती रात्र आली. वीज गेलेली होती. पुढचं दार पहारीनं उचकटलं आणि दोघं आत आले. सून ओसरीत झोपली होती. एकानं तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला, ती ओरडली, त्यानं तिला जमिनीवर ढकललं. नाना मधल्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले तोवर नातवानं मागून बॅटरी लावली होती. नानांचं बोट चापाबाहेर, नळीला लागून सरळ ठेवलेलं.

"कोयता टाक. टाक खाली."

त्यानं कोयता टाकला नाही. वर उचलला. खाली सून होती, हात तोंडावर घेतलेली.

नानांनी चाप ओढला. एवढ्या जवळून छर्‍यांना पांगायला जागाच नव्हती, सगळे खांद्यात बसले. माणूस भिंतीला घासत खाली आला. कोयता फरशीवर आपटून खाटेखाली गेला. दुसरा रिकाम्या हातानं उंबरा ओलांडून पळाला. नातू उसळला.

"नाना, मारा! दुसरी नळी भरलेली आहे!"

नाना दारापर्यंत गेले. अंगणात चांदणं होतं आणि त्यात एक पाठ पळत होती. त्यांनी बंदूक मोडली. रिकामं काडतूस फरशीवर पडलं, दारूचा जळका वास घरभर पसरला. दुसऱ्या नळीतलं भरलेलं काडतूस त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं आणि बंडीच्या खिशात टाकलं.

"तो पुन्हा येईल, नाना!"

"येईल तेव्हा बघू. आत्ता तो पळतोय. धोतर आण माझं, याचं रक्त थांबवायचंय. आणि 112 ला फोन लाव."

ज्यानं सुनेवर कोयता उगारला त्याच्याच खांद्यावर गुडघा टेकून नानांनी धोतराची घडी दाबून धरली. हे मला त्या गोळीइतकंच धैर्याचं वाटतं. गोळी झाडताना त्यांचा हात कचरला नाही, कचरायला नकोच होता. समोर कोयता उगारलेला असताना घाबरून पळून जावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्या क्षणी प्रत्येक वार सोन्याच्या तराजूत तोलून करता येत नाही, हेही न्यायालयं मान्य करतात. पण भीती असते तोवरच हा हक्क असतो. कोयता खाटेखाली गेला आणि अंगणात पाठ दिसली, तेव्हा दुसऱ्या नळीचं काम संपलं होतं. त्यानंतरची गोळी रागाची झाली असती.

आधी 108 ची गाडी आली, मग पोलीस. सुनेचा जबाब झाला. तुटलेलं मंगळसूत्र, कोयता, पहार, बंदूक, सगळं जप्त झालं. साहेबांनी रिकामं काडतूस पाकिटात घातलं आणि विचारलं, "दुसरं?" नानांनी खिशातून काढून दिलं. साहेबांनी ते तळहातावर ठेवून थोडा वेळ बघितलं, मग ते "न झाडलेलं" असल्याची नोंद पंचनाम्यात करून घेतली.

उजाडल्यावर पोलिसांनी मोजायच्या टेपचं एक टोक नातवाच्या हातात दिलं. उंबऱ्यापासून तो शिपायामागून चालत गेला. बांधाजवळ, जिथून दुसऱ्यानं उसात उडी घेतली होती, तिथं चिखलात एक रबरी चप्पल रुतलेली होती. शिपायानं तिच्याभोवती चुन्यानं रेघ ओढली आणि आकडा सांगायला मागं वळला.

पोरानं हात न लावता आपला पाय चपलेशेजारी ठेवला. चप्पल त्याच्या पायाहून दोन बोटं लहान होती.