कुठेच न पडणारा पाऊस

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळात पाचशेच्या आसपास. दोन्ही तालुक्यांत सरळ रेषेत १०० किलोमीटरही अंतर नाही. जागतिक हवामान मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात आणि बहुतेकांच्या चौकोनाची बाजू १०० ते २०० किलोमीटर असते. म्हणजे आख्खा कोल्हापूर जिल्हा एका घरात. त्यात सह्याद्री बुटका होतो आणि सरासरी म्हणून जो पाऊस निघतो, तो जिल्ह्यात कुठेच पडत नाही.

शिवाय या मॉडेलांत पाऊस वारंवार आणि रिमझिम पडतो. गडगडाटी ढगातला वर चढणारा झोत जेमतेम काही किलोमीटर रुंद. तो चौकोनात मावतो पण दिसत नाही, म्हणून सूत्रानं अंदाजावा लागतो. बंधाऱ्यांचे बरगे काढण्या-घालण्याच्या वेळा, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, कृष्णेच्या पाण्यानं पंचगंगेला येणारी फूग हे तर त्या हिशेबात नाहीच. पूर मात्र यातूनच ठरतो, आणि पाऊस बेताचा असलेलं शिरोळही त्यात बुडतं.

मग मॉडेलं टाकाऊ का? मला तसं वाटत नाही. तापमान एक अंशानं वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पृथ्वीवरचा एकूण पाऊस मात्र १ ते ३ टक्केच वाढतो. बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता वातावरणाला अवकाशात टाकावी लागते आणि ती टाकण्याला मर्यादा आहे. एकूण पाऊस फारसा वाढत नाही, पण मोठी सर आसपासचं सगळं बाष्प ओढून घेते. म्हणून मुसळधार सरी जास्त जोरकस होणार. हा निष्कर्ष चौकोनाच्या आकारावर फारसा अवलंबून नाही. 

गंमत अशी, की आपण मागतो ते नेमकं मॉडेलांचं कच्चं अंग: २०५० साली अमुक तालुक्यात किती पाऊस? रंगीत नकाशे मिळतातही. सरींचा जोर वाढणार, या पक्क्या अंगाकडे मात्र लक्ष नाही. पंचगंगेची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही मागच्या नोंदींवरून काढलेल्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा. त्या रेषा नव्यानं आखायला तालुक्याच्या नकाशाची वाट पाहण्याचं कारण मला दिसत नाही.