विरळणी

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तापल्या सुईने भोकं पाडून मी खिडकीत टोमॅटोचं बी पेरलं. एखादं दगा देईल म्हणून हिशेबीपणाने तीन टाकली. आठव्या दिवशी तिन्ही हजर! आता शास्त्र सांगतं, विरळणी करा. सशक्त ते ठेवा, बाकीची कापा.

कात्री घेऊन उभा राहिलो. सशक्त कोणतं? खिडकीकडचं. आतली दोन उजेडासाठी माना ताणून किडकिडीत झालेली. मग हा गुण रोपाचा की जागेचा? आमच्या बँकेतल्या बढत्या आठवल्या आणि हात थांबला.

“अहो, खरी पानं फुटली की वेगवेगळ्या डब्यांत लावा की!” ही म्हणाली.

म्हणजे न्याय तत्त्वावाचून नव्हे, डब्यांवाचून अडला होता! सध्या मी निव्वळ न्यायासाठी श्रीखंड खातो आहे.