नकाराचे कारण

अर्ज नाकारताना कारण सांगावे काय, हा प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडातील ब्लेच्ली पार्क येथे भारतासह २८ राष्ट्रांनी कृत्रिम बुद्धीच्या धोक्यांविषयी जाहीरनामा मान्य केला. हे धोके टाळण्याच्या कार्यात आपणही पडावे, म्हणून एखादा अभियंता वा शिक्षक आपली स्थिर नोकरी सोडतो, रात्री जागून चाचणीचे काम करून देतो, आणि उत्तरी येते ती खेद कळविणारी एकच ओळ! आपले न्यून ज्ञानात आहे की लेखनात, की जागाच एक होती, हे त्यास कळावे कसे?

संस्थांची अडचण खोटी नव्हे. अर्ज फार, माणसे थोडी. शिवाय लेखी कारण दिले की वादाचे भय. तथापि यंत्राच्या निर्णयामागील कारणे उघड व्हावीत म्हणून जे झटतात, त्यांनी स्वतःचा निर्णय मुका ठेवावा, ही विसंगती होय. प्रत्येक अर्जदारास उत्तर देणे अशक्य असेल. परंतु ज्याचे श्रम घेतले, त्याचे दोन ओळींचे ऋण राहतेच.

विचारणाराचाही धर्म आहे. ‘मला का नाकारले?’ या प्रश्नात फिर्याद असते, आणि उत्तर देणारा सावध होतो. ‘या कामात प्रथम काय सुधारू?’ असे विचारले असता तो मोकळा होतो. तरीही मौनच मिळाले, तर तेच काम त्या विषयातील दुसऱ्या जाणत्यास दाखवावे. कारण मागण्यात लाज नाही. देण्यात उपकार नाही.