वेशीबाहेरची सुवार्ता

'आत्मे जिंकणे' हा शब्दप्रयोग मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इतका रुळला आहे की त्यातले 'जिंकणे' आता कुणाला खटकत नाही. चंगाई सभेत किती हात वर झाले, वर्षभरात किती बाप्तिस्मे झाले, याचे आकडे मोबाइलवरून फिरतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र त्याला न विचारता पुढे जाते. याच आकड्यांवर बोट ठेवून विरोधक प्रत्येक मिशनच्या दवाखान्याला आमिष ठरवतात. सुवार्ता म्हणजे माणसांची ने-आण, यावर दोघांचे एकमत आहे. ही समजूत मला घातक वाटते. ती किती तोकडी आहे, हे जालन्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून अमेरिकन मराठी मिशनच्या छापखान्यापर्यंतचा प्रवास सर्वपरिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतला प्रसार म्हणजे मुख्यतः वाद होता. 1831 मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर समोरासमोर आले. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनऱ्यांचा वाद समुद्रकिनारी रंगला. खंडन, मंडन, जय, पराजय अशीच भाषा दोन्हीकडे होती. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. मिशनकडे गेलेल्या त्याच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, न्यायालयाने आईवडिलांच्या हवाली केले. त्याला परत जातीत घ्यावे म्हणून सुधारक बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांनी त्यांच्याशी उभा दावा मांडला. एका मुलावरून सारे शहर पेटले. मुलगा कोणाचा, हाच तेव्हा प्रश्न होता.

पुढे 1860च्या दशकात हेच नारायण शेषाद्री निजामाच्या मुलखातल्या जालन्यास आले आणि मांग-महारांत काम करू लागले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. या वळणाचा अर्थ सगळेच एका ठरावीक पद्धतीने लावतात: वरच्या जाती हाती लागेनात म्हणून मिशनने गरिबांकडे मोर्चा वळवला आणि जमीन दाखवून संख्या वाढवली. हा अर्थ सोपा आहे आणि म्हणूनच तो टिकला. पण त्यात फक्त ऐकणाऱ्यांची जात बदललेली दिसते. बोलणाऱ्याने आपली जागा सोडली, हे निसटते. विल्सन आणि दांडेकर बरोबरीच्या आसनांवर बसून भांडले. शेषाद्रींना मुंबईत आपल्यासारख्याच शिकलेल्या ख्रिस्ती वर्तुळात मानाने राहता आले असते. ज्या माणसांची सावलीही त्यांच्या जन्माच्या जातीला चालत नव्हती, त्यांच्या गावगाड्यातल्या सुखदुःखाशी त्यांनी आपले आयुष्य बांधून घेतले. नम्रता म्हणून आपण आवाजातला मऊपणा शोधतो. माझ्या मते, माणूस कुठे जाऊन राहतो, कुणाच्या पंगतीला बसतो, यावरून ती ओळखावी.

यावर आक्षेप येतो की जमीन आणि शाळा मिळत असतील तर श्रद्धा खरी कशावरून? आक्षेप टाळण्याजोगा नाही. पण गावाच्या पाणवठ्यावर ज्याला बंदी होती, त्याने माणुसकी मिळेल तिकडे पाऊल टाकले तर त्याला पोटार्थी म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा प्रतिष्ठेचा शोध आणि धर्माचा शोध त्यांनी वेगळे काढले नव्हते. तरीही बेथेलचा दोष मला मान्य आहे. जमीन मिशनच्या हाती, देणग्या परदेशातून आणि वस्ती ख्रिस्ती झालेल्यांची. त्यामुळे मदत आणि बाप्तिस्मा एकाच उंबरठ्यावर आले. करुणेला तेवढीही अट चिकटता कामा नये. दुसरा आक्षेप मंडळीच्या आतून येतो: बाप्तिस्म्याची आस सोडली तर प्रभूच्या आज्ञेचे काय? आज्ञा सांगण्याची आहे, मोजण्याची नाही. श्रीमंत तरुणावर येशूने प्रीती केली, पण तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याच्यामागे कुणाला धाडले नाही. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. त्या निकालाचा वापर पुढे पुष्कळ ठिकाणी जाचासाठी झाला, हे खरे; पण निर्णय ऐकणाऱ्याचा असतो हे ख्रिस्ती माणसाला कोर्टाकडून ऐकावे लागू नये.

बेथेलचा अर्धवट राहिलेला प्रश्न ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी पुढे नेला. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. 1919 मध्ये टिळक वारले आणि दरबार रुजायच्या आत थांबला. शंभर वर्षे तो विचार कवीची लहर म्हणून बाजूला पडून आहे. जालन्याच्या आणि मराठवाड्याच्या पाळकांना माझी विनंती आहे: येत्या वार्षिक अहवालातून बाप्तिस्म्यांचा रकाना काढून टाका, आणि ज्यांची छायाचित्रे न विचारता फिरवली त्यांच्या दारी जाऊन क्षमा मागा.